फडका धरताना

केनवड
नवरात्र, तिसरी माळ

प्रिय किशा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘बापू’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला की कापतोस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागद कापता येत नाही. फार तर फाडशील. पण फाडण्याआधी वाचशील याची मला खात्री आहे, कारण शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा आधी फोडून वाचायची तुझी खोड पुण्याला जाऊन सुटली नसणार. तुझ्या रंजीताला शेजारी बसवून वाचलंस तरी चालेल. मात्र वाचून झालं की याडीला फोन करून ‘ताईनं असं असं लिहिलंय’ हे सांगू नकोस. का, ते पुढं कळेल.

मेहकरच्या दवाखान्यात तू मला विचारलं होतंस, “ताई, पाइप बसवले तवा तू दुकानात नव्हती. गाडीले तुनं हातही लावला नाही. मंग तुले घरी बसून कसं समजलं, पाइपातून गॅस गळून राह्यला म्हणून?” मी काही बोलले नाही. निताच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, लेकीची इवलीशी बोटं तू धरून ठेवली होतीस आणि बापू दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. तिथं त्या प्रश्नाचं उत्तर देणं मला शक्यच नव्हतं. पण माझ्या गप्प बसण्याचा तू तुझा अर्थ काढलास. जाताना याडीच्या, आपल्या सख्ख्या आईच्या, तोंडावर म्हणालास, “बापूले ठाऊक होतं. जाणून पाठवलं यायनं आमाले.” किशा, राग आला की तुझी जीभ लहानपणापासून सुटते, ते मी समजू शकते. पण हे वाक्य ऐकून याडी दवाखान्याच्या पायरीवरच खाली बसली. बापूंना ते कोणी सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं. त्यांना कसं कळलं हेही पुढं येईलच. निता आता बरी आहे, अंगणात धावते, भात खाताना त्रास देते, असं रंजीतानं मला तुझ्या चोरून कळवलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, मीच विचारलं होतं.

इकडची खबर अशी. तुझी काळी एस्टीम अजून दुकानाच्या मागं बाभळीखाली उभी आहे. बोनेटवर शेंगांचा कचरा पडतो, तो बापू रोज सकाळी फडक्यानं झटकतात, पण गाडीचं दार उघडत नाहीत. नवीन काम घेत नाहीत. गिऱ्हाईक आलं की ‘मशीन बिघडलं’ म्हणतात. या दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची नाही, असं त्यांनी याडीला सांगून टाकलं आहे. वेल्डिंगचं मशीन, पाईप वाकवायचे साचे, ग्राइंडर, सगळं दसऱ्याच्या सकाळी येऊन घेऊन जा असा निरोप टायरवाल्या गुलाबसिंगला धाडला. गुलाबसिंग बिचारा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, मी काय गिधाड हाये का?” मी त्याला चहा पाजून परत पाठवला. पण बापूंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे तुला ठाऊक आहे, तुझंही तसंच आहे. दुकान सुटलं तर हा माणूस घरात बसून काय करील? खाटेवर पडून पत्र्याकडे बघत राहील आणि हळूहळू जेवण सोडेल. मला त्याची फार भीती वाटते. म्हणून दसऱ्याच्या आत हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

तुला आठवतं का, शाळा सुटली की आपण दप्तर याडीच्या अंगावर टाकून दुकानात पळायचो, ते कशासाठी? फडका धरायला. सायलेन्सर जोडून झाला की बापूंनी इंजिन चालू करायचं आणि आपण मागं पाईपच्या तोंडावर ओला फडका दाबून धरायचा. धुराला बाहेर पडायला वाट राहिली नाही की तो जिथं बारीकशी फट सापडेल तिथून फुसफुसतो. बापू गाडीच्या बाजूला उकिडवे बसायचे, मान वाकडी करून कान पाईपाकडे लावायचे आणि बोट ठेवायचे, ‘इथं.’ ते बोट कधी चुकायचं नाही. फडका धरण्यावरून आपण दोघं भांडायचो, आणि तुझे तळवे पोळले तरी तू सोडायचा नाहीस. पार वाशीम-कारंज्याहून लोक गाड्या आणायचे ते ‘धनसिंगचा कान’ म्हणून. तुझ्या मनात बापू अजून तेच आहेत, मान वाकडी करून बसलेले आणि बोट ठेवणारे. तू पुण्यातल्या मित्रांनाही तेच सांगितलंस. व्हिडिओ टाकलास, त्यावर लिहिलंस की माझ्या बापाचा कान म्हणजे मशीन. बापूंनी तो व्हिडिओ मला तीनदा लावायला सांगितला आणि तिन्ही वेळा नुसता पाहिला.

म्हणून तू जुनी एस्टीम घेऊन आलास आणि ‘बापू, याले हेडर बनवून द्या, चार पाइपायचं, एकदम भारी आवाज पाह्यजे’ म्हणालास, तेव्हा घरात दिवाळी आल्यासारखं झालं. बाकीच्यांचे पाईप त्यांनी पोटासाठी बनवले असतील, तुझे हौसेनं बनवले. पाइपात ठासायला वाळू त्यांनी याडीच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. याडी दोन दिवस बोलत होती आणि ते हसत होते. वाळू भरून, तोंडं बंद करून, ज्योतीवर लाल केलेला एकेक पाईप त्यांनी असा वाकवला की वळणावर कुठं चुणी दिसत नव्हती. चौघांची लांबी सारखी. मग इंजिनाच्या चार तोंडांतून धूर आणणारे ते चारही पाईप गाडीखाली एका मोठ्या नळीत आणून जोडले. त्या जोडाचीच खरी गोम असते. चार गोल नळ्या एकमेकींना खेटून बसवल्या की मधोमध चिंचोक्याएवढी फट राहते. ती वरून दिसत नाही, आत हात जात नाही. बापू तिच्यात लोखंडाचा चौकोनी तुकडा बसवून वेल्डिंग भरतात. पण ती पुरती भरली की नाही हे डोळ्याला कळत नाही, ते फक्त फडका लावूनच कळतं. आणि तुझ्या गाडीत तो जोड नेमका गिअरच्या खाली येत होता, जिथला रबराचा बूट फाटलेला आहे, म्हणजे तिथं गळलेला धूर सरळ गाडीत शिरणार.

धनजला माझ्या दिराच्या मुलाचं बारसं होतं. तुझे भाऊजी आधीच गेले होते, मला जाणं भाग होतं. निघताना मी बापूंना, तोंड त्यांच्यासमोर आणून, म्हटलं होतं, “मी आल्याबिगर फडका लावू नका.” तूही तिथंच होतास. तू म्हणालास, “काहून? फडका काय तुया एकटीचाच हाये का? मी धरतो.” सगळे हसलो. बापूही हसले. त्यांना ‘नको’ म्हणता आलं असतं, पण मग ‘का नको’ हेही सांगावं लागलं असतं. तुझी सुट्टी संपत होती, कंपनीतून फोन येत होते, तुला निघायचं होतं. यात तुझी चूक मी मोजत नाही. माझीही मोजायला बसले नाही. मोजून काही निताचं दुखणं कमी होत नाही.

त्या दिवशी मी एसटीतून फाट्यावर उतरले तेव्हा तुम्ही पुण्याला जायला नुकतेच मेहकरच्या रस्त्याला लागला होता. त्याआधी सकाळपासून तुम्ही गाडी घेऊन फिरत होता, देवीला, मग मामाकडे, तांड्यात सगळ्यांना आवाज ऐकवत. निताला खोकला म्हणून काचा बंद, एसी चालू, आणि याडीनं ओवाळून डॅशबोर्डवर खोचलेल्या अगरबत्तीचा वास, त्यात दुसरा कुठला वास कोणाला येणार? मी पिशवी घेऊनच दुकानात शिरले. बापू साबणानं हात धूत होते आणि तोंडावर असा आनंद की बघून बरं वाटलं. मी विचारलं, “फडका लावला?” ते म्हणाले, “लावला ना. किशननं धरला.” मी विचारलं, “मंग?” त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “मंग काय? किशन हासला ना.”

मी पिशवी तिथंच टाकली. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही ही बापूंचीच शिकवण, आणि तू ती नेमकी त्याच दिवशी पाळत होतास. मग रंजीताला लावला. तिनं उचलला, पण आवाज जड होता, झोपेतून उठल्यासारखा. “ताई, डोकं लय दुखून राह्यलं. मळमळून राह्यलं. निता झोपली.” मी म्हटलं, तिला उठव. थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मग रंजीता म्हणाली, “हलवलं तं उठूनच नाही राह्यली.” मी ओरडले, काच खाली कर, गाडी थांबवायला सांग. पण तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना, लागला तर कोणी उचलेना. किशा, तुझ्या गाडीत काय चाललं होतं ते तुला माहीत आहे, पण इकडं त्या वाजत राहिलेल्या फोनच्या टोकाला उभं राहणं काय असतं ते तुला माहीत नाही. मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

आठवला तो गुलाबसिंग. त्याचं टायरचं दुकान मेहकरच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. त्याला फोन करून सांगितलं की किशनची काळी एस्टीम येते आहे, कसंही कर, पण थांबव, आणि आधी दारं उघड. तो म्हणाला, “काळ्या गाड्या लय जातात बाई. वळखू कशी?” मी म्हटलं, आवाजावरून ओळख, बापूंकडेच शिकलास ना तू. त्यानं पुढं विचारलं नाही. नंतर त्यानं मला सांगितलं की गाडी दिसायच्या कितीतरी आधी त्याला तो आवाज आला, खोल, एकसारखा, आणि त्या आवाजाच्या पोटात बारीक फुसफुस. त्यानं ट्रॅक्टरचं टायर रस्त्यात लोटून दिलं. तू ब्रेक मारून उतरलास आणि त्याला शिवी घातलीस, आणि शिवी पुरी व्हायच्या आत स्वतःच बोनेटला धरून खाली बसलास. पुढचं सगळं तुला ठाऊक आहे. बापूंचाच पाइप तुमचा जीव घ्यायला निघाला होता आणि त्याच पाइपाच्या आवाजानं तुम्ही ओळखले गेलात, याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बापूंना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही म्हण ना. जन्मभर ग्राइंडर आणि हातोडा कानाशी घेऊन बसलेला माणूस, कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नसेल. कळल्यावर त्यांनी ते गिळून टाकलं. ते ओठ बघून बोलतात. टीव्हीचा आवाज वाढवतात, मग याडी ओरडते, मग कमी करतात. मला कळलं ते एका शिंकेमुळं. मी फडका धरून बसले होते, जोड अगदी पक्का होता, एवढ्यात शिंक यायला लागली आणि माझं तोंड वाकडं झालं. बापू उठले, पाना घेतला आणि तो चांगला जोड खोलायला लागले. मी चक्रावले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कपाळाला आठी घातली. पुन्हा पाना. तेव्हा लक्षात आलं की ते मान वाकडी करून कान पाइपाला लावतात ते जुन्या सवयीनं, लोकांना दिसावं म्हणून, आणि डोळे ठेवतात माझ्या तोंडावर. त्या दिवसापासून मी तोंडानं सांगते. गळत असेल तर आठी, पुढच्या जोडापाशी असेल तर भुवई, काही नसेल तर हसू. आम्ही याबद्दल आजवर एक अक्षर बोललो नाही, आणि याडीलाही यातलं काही ठाऊक नाही. मी जाणते हे त्यांना माहीत आहे की नाही, हेही मला नक्की सांगता येणार नाही. पण ‘धनसिंगचा कान’ म्हणून आलेलं एकही काम गळकं गेलं नाही. त्या दिवशी मी गुलाबसिंगशी फोनवर बोलत होते तेव्हाही ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. एक शब्द ऐकू आला नसेल, पण माझ्याआधी ते दुकानाबाहेर पडून रस्त्यावर टेम्पो थांबवत होते. आणि दवाखान्यात तू जे बोललास तेही त्यांनी असंच वाचलं, दारातून, तुझ्या ओठांवरून.

दुसरा अर्धा भाग तू स्वतःच मला सांगितला आहेस, पण रागाच्या भरात तुला त्याचं भान नव्हतं. दवाखान्यात तू ओरडलास, “मले तं तवाच फुसफुस ऐकू आली होती. पण बापू हासले, म्हणून मी गप बसलो.” किशा, जरा थांब आणि ते चित्र डोळ्यापुढं आण. तू मागं फडका धरून बसला आहेस, हौसेची गाडी गरजते आहे आणि तुला हसू आवरत नाही. बापू तुझ्या तोंडाकडे बघतात. तू हसतो आहेस म्हणजे जोड पक्का, म्हणून तेही हसतात. तेवढ्यात तुला फुसफुस ऐकू येते. तू बापूंकडे बघतोस. ते हसत आहेत म्हणजे सगळं ठीक, म्हणून तू हसतच राहतोस. एवढंच घडलं. कोणी जाणून केलं नाही, कोणी अंगचोरी केली नाही. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, आणि दोघांनाही वाटलं की ऐकणारा समोरचा आहे.

मग ते तुला सांगत का नाहीत, असं तू म्हणशील. मीही त्यांच्या समोर बसून विचारलं, किशनला काही सांगायचं आहे का? ते म्हणाले, “हलगर्जी केली म्हनून शिव्या देते ना? देऊ दे.” हलगर्जी म्हणवून घेणं त्यांना चालतं, बहिरा म्हणवून घेणं चालत नाही, आणि तेही तुझ्याकडून तर नाहीच. तुझ्या त्या व्हिडिओतला बाप त्यांना तुझ्यासाठी जपायचा आहे. मला त्यांचा इतका राग येतो की भिंतीवर डोकं आपटावं, आणि तेवढीच मायाही येते. कानाच्या मशीनचं नंतर बघू. वाशीमला नेईन, ओढत नेईन. आधी त्यांना आपल्या तोंडानं कबूल तर करू दे.

एवढं सगळं लिहिलं ते एका कामासाठी. बापूंनी तुझं हेडर उतरवून, तो जोड कापून, आतली काजळी घासून पुन्हा नव्यानं भरला आहे. काम घेत नाहीत, पण ते काम त्यांनी केलं. चार दिवसांपूर्वी गाडीला बसवलंही. मी ओला फडका घेऊन मागं जाऊन बसले तर त्यांनी इंजिन चालू केलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “गाडी किशनची हाये.” आणि किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेले. तेव्हा मला कळलं की ते दसऱ्याला मशीन देऊन टाकणार आहेत ते हत्यारांवर रुसून नाही. ते तुझी वाट बघून थकले आहेत. म्हणून ये. रंजीताला आणि निताला आणलंस तर उत्तमच, नाहीतर एकटा ये, पण दसऱ्याच्या आधी ये. माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस, मी लिहिलेलं काही बोलू नकोस. नुसता फडका ओला कर आणि मागं जाऊन बस. बापू मान वाकडी करून बसतील, कान पाइपाला लावतील आणि डोळे तुझ्या तोंडावर ठेवतील. नीट ऐक. फुसफुस आली तर हसू नकोस, कितीही लाज वाटली तरी. आणि नाही आली, तर मात्र त्यांच्याकडे बघून हस.

वाट बघणारी तुझीच,
संगीताताई